गुंडूअण्णांची मोजणी

गुंडूअण्णा पोतदार मोजण्यात चुकले, असं आमच्या गल्लीत चार वर्षं बोललं जात होतं. ते चुकले नव्हते. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, माझ्या धाकट्या जावेला, सुलभाला ठाऊक होती आणि मला. खरं तर त्यांच्याबद्दल लिहायचं तर बुटांपासून सुरुवात करावी असं मनात होतं, कारण माणसाची पारख ते बुटांवरून करत. पण हे आधी सांगून टाकलेलं बरं. पोटात ठेवून लिहायला बसलं की हात अडखळतो, हे मी दोनदा करून पाहिलं आहे.

कन्नड मुलखातल्या या शहरात, देशपांडे नगरात, आमच्या घरासमोर एक दवाखाना आहे, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहायचे. तारिहाळला पंपाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात फोरमन होते, आणि मी त्यांना ओळखू लागले तेव्हा निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बायको कधीच गेलेली, मुलगी मिरजेला दिलेली. गणपती गेले की एक रविवार सोडून एक रविवार ते गल्लीतली, ओळखीची बारा-तेरा माणसं घेऊन यल्लापूरच्या बाजूच्या रानात जायचे. तिथं आत, गवळीवाड्यापासून दोन-अडीच तास चाललं की एक धबधबा लागतो. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण अण्णांनीच कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी फारच मागं लागलं तर म्हणायचे, "नाव कळलं की उद्या तिथं मिरचीभज्याचा गाडा लागतोय बघा."

जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, त्यांच्या पायरीवर बूट दाखवायला जायचं असा नियम होता. नियम म्हणजे नियम. डॉक्टर असो नाहीतर वकील, हातात बूट धरून पायरीशी उभं राहायचं. अण्णा बूट घेऊन पिळा काढायच्या कपड्यासारखा दोन्ही हातांनी मुरगाळायचे, टाचेत अंगठा दाबायचे, नाकाजवळ नेऊन तळ बघायचे. पास झाला तर परत द्यायचे, नापास झाला तर शेजारी ठेवायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा माझे नवेकोरे बूट त्यांनी शेजारी ठेवले.

"बाई, हे कोप्पीकर रोडवर फिरायला झकास आहेत. रानात दोन तासांत यांचा तळ सुटंल."

मी हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळं मला सगळी गल्ली बाईच म्हणते. आणि बाईंना कुणी नापास केलेलं बाईंना चालत नाही. मी हट्टानं तेच बूट घालून गेले. दीड तासात उजव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबायला लागला. अण्णांनी पिशवीतून सुतळी काढली, खाली बसून माझा बूट आवळून बांधला, आणि वर न बघता म्हणाले, "माझा अंदाज अर्ध्या तासानं चुकला की ओ." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालायचं सोडलं, निदान बुटांवरून तरी.

आता मोजणीचं सांगते. रानात शिरायच्या आधी ते प्रत्येकाला एक आकडा देत. दिवसभर तुमचं नाव तेच. दर थांब्यावर, निघायच्या वेळी, ते शिट्टी वाजवत आणि मग ओळीनं आपापला आकडा कन्नडमधून म्हणायचा, ओंदु, एरडु, मूरु, असं शेवटपर्यंत. शेवटचा आकडा त्यांचा स्वतःचा असे, कारण ते कायम सगळ्यांच्या मागं चालत. पुढं चालणारा रस्ता बघतो, मागं चालणारा माणसं बघतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही चेष्टा करायचो. काय अण्णा, शाळेची सहल आहे का? आकडा म्हणताना कुणी मुद्दाम बोबडं बोलायचं, कुणी गाऊन म्हणायचं. ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे.

एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. तिथं कामाला येणाऱ्यानं पितळी बिल्ला फळ्यावर अडकवायचा आणि जाताना काढून न्यायचा. एका संध्याकाळी सगळे गेले, दारं लावायची वेळ झाली, आणि फळ्यावर एक बिल्ला राहिला. सगळे म्हणाले, विसरला असेल, गेला असेल घरी. अण्णांनी दार लावू दिलं नाही. एकटे आत गेले. तो माणूस मशीनखालच्या खड्ड्यात चक्कर येऊन पडला होता. "बिल्ला खोटं बोलत नाही, बाई," ते म्हणाले. "माणूस बोलंल, बिल्ला बोलत नाही." आकड्यावर त्यांचा असा विश्वास होता, आणि माझ्यासारखीनं त्या विश्वासाचं काय केलं ते पुढं येतंच आहे.

त्यांचा दुसरा गुण लोकांना दुर्गुण वाटायचा. ते माघारी फिरायचे. एकदा धबधबा दहा मिनिटांवर होता, आवाज कानांत भरत होता, आणि अण्णांनी मागून शिट्टी दिली. वर घाटमाथ्यावर काळं झालंय, फिरा मागं. समोरचे डॉक्टर त्या दिवशी आले होते. ते चिडले. "अहो, पहाटे उठून एवढ्या लांब आलोय! दहा मिनिटं फक्त!" अण्णा म्हणाले, "धबधबा कुठं जात नाही, डॉक्टर. आपण जातो." सगळे तोंडं पाडून फिरलो. आणि पाऊस आलाच नाही. थेंबसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर टेम्पोत सगळ्यांनी त्यांना धारेवर धरलं, तर हे शांतपणे शेंगाचटणी आणि भाकरी खात बसलेले. "आला नाही तर बरंच झालं की," म्हणाले. "आला असता तर मग कुणाला बोलला असता?" पण शिस्त मोडणाऱ्याला ते पुढच्या वेळी घेत नसत. न बोलता. शनिवारी तो बूट घेऊन आला की बूट न बघताच परत देत. ओळ सोडून फोटो काढायला गेलेल्या एका वकिलाचं तसं झालं होतं. एवढा मोठा माणूस, बूट काखेत मारून परत गेला. त्याची गल्लीभर चर्चा झाली आणि आम्हा सगळ्यांना त्या पायरीची धास्ती बसली.

तो रविवार ऑक्टोबरातला होता. सुलभा पहिल्यांदाच येत होती, तिचा नवरा म्हणजे माझा दीर प्रकाशही होता. माझे यजमान दुकानात अडकल्यामुळं घरीच राहिले. सुलभाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. धबधब्याच्या वाटेवर, ओढा ओलांडला की उजवीकडं एक पायवाट फुटते, आणि तिच्या टोकाला झाडीत एक देवीची शिळा आहे, गवळणी तिची ओटी भरतात, असं अण्णाच कधीतरी आमच्या सासूबाईंना बोलता बोलता म्हणाले होते. सासूबाईंनी ते बरोबर लक्षात ठेवलं. निघताना सुलभाच्या पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ घातले आणि उंबऱ्यात सांगितलं, "ओटी भरल्याशिवाय येऊ नकोस." आमच्या सासूबाई आवाज चढवत नाहीत. चढवायची गरज पडत नाही.

सकाळी ओढा घोट्याएवढाच होता. पलीकडं गेल्यावर सुलभानं अण्णांना विचारलं. अण्णांनी मान वर करून झाडांच्या फटीतून आभाळ पाहिलं.

"आत्ता नको. येताना सगळेच जाऊ. देवीला घाई नसते."

धबधब्याशी पोचलो. सगळ्यांनी आरडाओरडा केला, डोहाच्या कडेला पाय सोडून बसले. अण्णांची सवय अशी की ते वर पडणाऱ्या पाण्याकडं कधीच बघायचे नाहीत. डोहातून पाणी बाहेर पडतं तिथं उकिडवे बसायचे आणि वाहून जाणाऱ्या पाण्याकडं बघत राहायचे. त्या दिवशीही तसेच बसले होते. अर्धा तास झाला असेल. मग ते एकदम उठले. मी जवळ होते म्हणून मला दिसलं, स्वच्छ पाण्यात चहाची भुकटी सांडावी तसा रंग आला होता, आणि हिरवी पानं वाहत येत होती. वाळलेली नव्हेत, हिरवी.

"वर कुठंतरी जोरात पडलाय," ते म्हणाले. "पाच मिनिटांत निघायचं. देवी पुढच्या खेपेला."

कपडे बदलायला आम्ही बायका खडकाआड गेलो होतो. तिथं सुलभानं माझा हात धरला. "ताई, मी पुढं होते. पळत जाते, ओटी ठेवते आणि फाट्यावर तुमच्यात मिसळते. माझा आकडा तेवढा म्हणा."

"अगं, अण्णा..."

"आईंना काय सांगू मी? तुम्हीच सांगा, काय सांगू?"

सासूबाई माझ्याही सासूबाईच होत्या. आणि मला वाटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. शाळेत एकीच्या नावाला दुसरीनं 'हजर' म्हटलं तर मी दोघींना तासभर उभं करते. पण घरात जाऊ जावेवर पांघरूण घालते, त्याला आम्ही चोरी म्हणत नाही, माणुसकी म्हणतो. सुलभा पिशवी छातीशी धरून झाडीत दिसेनाशी झाली.

शिट्टी झाली. आकडे सुरू झाले. माझा दहावा, हत्तु. तो मी मोठ्यानं म्हटला. मग तोंड खडकाकडं वळवलं, आवाज बारीक केला आणि म्हटलं, "हन्नोंदु." अकरा. धबधब्याच्या आवाजात सगळ्यांचेच आवाज पातळ झाले होते. पुढचे आकडे झाले, अण्णांनी आपला चौदावा म्हटला आणि आम्ही चालू लागलो.

फाट्यावर सुलभा नव्हती. मी पाय ओढत चालले, देवीच्या वाटेवर नजर टाकली. कुणी नाही. मागून अण्णा ओरडले, "बाई, थांबू नका." मला वाटलं, ती आमच्या आधीच येऊन पुढच्यांत मिसळली असेल. रानातली वाट नागमोडी, पुढची चार माणसं दिसत नाहीत. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या पन्नास पावलांवर मी अजून कधी कधी परत जाते, आणि दर वेळी तोंड उघडते.

ओढ्याशी आलो तर घोट्याचं पाणी गुडघ्याला लागलेलं. अण्णांनी दोर बांधला, एकेकाला पलीकडं काढलं. प्रकाश पुढच्यांत होता, तो समजत होता बायको माझ्याबरोबर आहे. सगळ्यांत शेवटी अण्णा आले तेव्हा पाणी त्यांच्या मांडीला होतं, आणि ते काठाला लागताक्षणी मागं एक ओंडका वाहत गेला. त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. शिट्टी दिली.

ओंदु. एरडु. मूरु. असं करत आठ, नऊ झाले. हत्तु, मी म्हटलं. त्यानंतर काहीच नाही. नुसता पाण्याचा आवाज.

"हन्नोंदु?" अण्णा म्हणाले.

प्रकाशनं वळून बघितलं. "सुलभा? वहिनी, सुलभा कुठाय?"

मी अण्णांच्या अगदी जवळ गेले. पाण्याचा आवाज एवढा की दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये. म्हटलं, "अण्णा, मघाशी अकरा मी म्हटलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला विसरता येत नाही, कारण तिच्यात राग नव्हता. बिल्ला खोटा निघालेल्या माणसाची नजर होती.

"कुठं गेली?"

"देवीला."

त्यांनी वळून पलीकडच्या काठाकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पाण्यात नाही. पलीकडं आहे. बरं झालं." आणि आणखी हळू, "आता कुणाला काही सांगू नका. तो पोरगा काय करंल सांगता येत नाही." मग ते सगळ्यांकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझं चुकलं. मोजताना चुकलो मी. अकरा नंबर पलीकडं राहिलाय."

प्रकाश ओढ्याकडं धावला. अण्णांनी त्याची कॉलर धरली. चौसष्ट वर्षांचा माणूस आणि तिशीतला दणकट गडी, पण त्यांनी त्याला मागं खेचलं ते खेचलंच. "तू गेलास तर मला दोन माणसं शोधावी लागतील. हा दोर धर. झाडाला दोन वेढे घाल आणि टोक सोडू नको. तुझं काम हे." तो रडत होता, पण वेढे घालत होता. दोघांना अण्णांनी गवळीवाड्यावर पिटाळलं, जाड दोर आणि तिथला जाणता माणूस घेऊन या म्हणून. मग काठावर तीन दगड ठेवले. एक पाण्याला लागून, दुसरा वीतभर वर, तिसरा त्याच्या वर. आणि आपण शेजारी उभे राहिले.

पहिला दगड बघता बघता गेला. मी मनात देवीला म्हणत होते, तुझीच ओटी भरायला गेलीय, आता तूच बघ. दुसऱ्या दगडाच्या कडेला पाणी लागलं, आणि तेव्हाच पलीकडं सुलभा दिसली.

जीव भांड्यात पडावा तर उलट वर आला. तिला समोर नवरा दिसला होता. ती काठावर आली, ओढणी कमरेला खोचली आणि एक पाय पाण्यात घातला. आम्ही सगळे एकदम ओरडलो, नको, थांब, मागं हो! हात हलवले. पण पलीकडून ते कसं दिसलं असेल? दहा-अकरा माणसं हात हलवून बोलावताहेत असंच ना? तिनं दुसरा पाय उचलला.

"हात खाली!" अण्णा गरजले. "एल्लारू कूडरी! सगळे बसा! खाली बसा म्हणतो ना!" आणि ते स्वतः त्या चिखलात मांडी घालून बसले, पंगतीला बसावं तसे. आम्ही बसलो. प्रकाश बसेना, त्याला दोघांनी ओढून बसवलं. अण्णांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि तिच्याकडं बघत राहिले. सगळा काठ गपचिप बसलेला. सुलभा एका पायावर तशीच उभी. तिला कळेना. मग तिनं पाण्यातला पाय मागं घेतला, चार पावलं वर गेली आणि आमच्यासारखीच मांडी घालून खाली बसली. दुसरा दगड त्याच वेळी बुडाला.

ती तशी अडीच तास बसली आणि आम्हीही. कुणी उठलं की अण्णा नुसतं बघायचे. मध्येच त्यांनी डबा काढला आणि सगळ्यांना भाकरी वाटली. मी भाकरी हातातच धरून बसले. "खा, बाई," ते म्हणाले. "ती बघतीया. आपण जेवलो तर तिला वाटंल, घाबरण्यासारखं काही नाही." त्यांनी तिच्याकडं बघून घास तोंडाकडं नेल्याची खूण केली. तिनं पिशवीतून नारळाची कवड काढली, देवीपुढं फोडलेल्या त्या नारळाची, आणि दगडावर आपटून खोबरं खाऊ लागली. प्रकाश ते बघून हुंदके द्यायला लागला. तिसऱ्या दगडाला पाणी लागलं, तिथंच घुटमळलं, चढलं नाही. अण्णांची नजर त्या दगडावरून हलली नाही. मग बऱ्याच वेळानं दुसऱ्या दगडाचं डोकं वर दिसलं.

तोवर वाड्यावरचा म्हातारा गवळी दोर घेऊन आला होता. तो म्हणाला, मी जातो. अण्णा म्हणाले, "नाही. माझा माणूस आहे." पहिला दगड उघडा पडेपर्यंत थांबले, उजेड कमी होत चालला तरी थांबले. मग कमरेला दोर बांधून, हातात बांबू घेऊन पाण्यात शिरले. मधोमध एकदा त्यांचा पाय गेला आणि डोकं दिसेनासं झालं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग बांबू वर आला, मग ते आले. सुलभाला पुढ्यात धरून, दोराला धरून धरून ते परत येत होते तेव्हा प्रकाशच्या तळहातांची सालटं निघाली होती, पण त्यानं टोक सोडलं नाही.

ती अलीकडं आल्यावर जे व्हायचं ते झालं, रडणं, मिठ्या, पाया पडणं. अण्णा त्यात नव्हते. ते एका झाडाआड बसून बुटाची नाडी बांधत होते आणि त्यांना ती बांधता येत नव्हती. मी खाली बसले आणि नाडी बांधली.

"बाई," ते म्हणाले, "मी सगळ्यांना सांगितलंय तेच घरी सांगायचं."

"असं कसं, अण्णा? तुमचं नाव..."

"तुम्हा दोघींना एका स्वयंपाकघरात राहायचंय. मी माझ्या खोलीत एकटा असतो. माझं काय अडतंय?" आणि नाडीची गाठ तपासून म्हणाले, "आणि माझं चुकलंच की. आवाज मोजले. तोंडं बघायला पाहिजे होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपण होऊन आमच्या घरी आले. सासूबाईंसमोर खुर्चीच्या टोकावर बसले. "अक्का, मोजण्यात चूक झाली माझी. सुलभा देवीला गेली ते मला कळलं नाही." सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी दारात उभी होते. सुलभा आत तापानं फणफणली होती.

"बायका देवीपुढं बसलेल्या असतात आणि तुम्ही त्यांना सोडून ओढा उतरता," सासूबाई म्हणाल्या. "चौदा माणसं मोजता येत नाहीत तर नेता कशाला?"

"खरं आहे," अण्णा म्हणाले.

त्यानंतर सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आणि सासूबाई बोलायच्या थांबल्या की गल्ली बोलायला लागते. पुढच्या खेपेच्या शनिवारी पायरीवर बुटांचे पाच जोड आले, त्यानंतर दोन, मग एकही नाही. रविवारी तरुण पोरं मोठ्या बसमधून लोकांना नेऊ लागली होती, लोक त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टर भेटतील तिथं चेष्टा करायचे, "काय अण्णा, आज सगळे हजर का?" अण्णा मान हलवून हसायचे. मी ते हसणं खिडकीतून बघायचे आणि स्वतःची चीड येऊन पोरींच्या वह्या तपासताना उगाच लाल रेघा मारायचे.

वर्षभरानं सुलभाला मुलगी झाली. सासूबाईंनी श्रेय देवीला दिलं आणि गल्लीत घरोघर पेढे वाटले. पेढ्यांचं ताट माझ्या हातात होतं. दवाखान्याशी आल्यावर त्या म्हणाल्या, "मागं जायचं कारण नाही." मी गेले नाही. संध्याकाळी सुलभा चोरून पुडी घेऊन गेली तर अण्णांनी तिलाच आधी पेढा भरवला आणि बाळाचे पाय कसे आहेत विचारलं. मोठी झाली की चांगले बूट घ्या म्हणाले.

मी सांगणार होते. दर वेळी काही तरी निघायचं, सासूबाईंचं ब्लडप्रेशर, दहावीच्या परीक्षा, घरात पाहुणे. एकदा अण्णांकडं जाऊन म्हटलं, मी आज सांगते. तर ते मिरजेच्या नातवाचा फोटो दाखवायला लागले आणि विषय काढूच दिला नाही. त्यांनी अडवलं म्हणून मी थांबले, असं मी स्वतःला सांगत राहिले. सोयीचं होतं ते.

यंदा त्यांचे गुडघे फारच धरले. मुलगी येऊन म्हणाली, आता मिरजेलाच चला. निघायच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा उभी राहिली. एक ट्रंक, एक वळकटी, दोन पिशव्या. गल्लीतली माणसं निरोपाला जमली. डॉक्टरांनी तिथंही सोडलं नाही. "सामान नीट मोजून घ्या हं, अण्णा. एखादी पिशवी पलीकडं राहायची!" लोक हसले. अण्णाही हसले. त्यांची मुलगी हसली नाही. तिनं खाली बघितलं, आणि मला ते बघवेना.

सासूबाई माडीवरच्या गच्चीत कढीपत्ता निवडत बसल्या होत्या. खाली बघतही नव्हत्या. मी वर गेले. धाप लागली होती तशीच उभी राहिले आणि म्हटलं, "त्या दिवशी अण्णा चुकले नव्हते. सुलभाचा आकडा मी म्हटला होता. तिनं सांगितलं म्हणून म्हटला. ओटी राहिली तर तुम्ही बोलाल म्हणून ती गेली, आणि मी खोटं बोलले."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडं पाहिलं नाही. मांडीवरचं ताट बाजूला ठेवून त्या उठल्या आणि जिना उतरू लागल्या, एकेक पायरी, कठड्याला धरून, आडवं पाऊल टाकत. मी आधार द्यायला गेले तर माझा हात झटकला. खाली रिक्षा सुरू झाली होती.

"थांबवा ती," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही तरी रिक्षा थांबली. "गुंडूअण्णा, उतरा खाली."

अण्णा उतरले. त्यांना वाटलं असेल, जाता जाता आणखी बोलणी. डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले.

"माझी सून तुम्ही पाण्यातून काढून आणलीत," सासूबाई सगळ्या गल्लीसमोर म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला नातीचा पेढा दिला नाही. चूक माझ्या घरातली होती. तुम्ही बरोबर मोजलं होतं."

अण्णांनी आधी माझ्याकडं पाहिलं. त्यांना रागावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेही माझ्यावर. इतकी वर्षं जपलेलं काहीतरी मी फोडलं होतं. मग त्यांनी सासूबाईंकडं बघून हात जोडले. "इरली बिडरी, अक्का. असू दे. सून घरी आहे, नात घरी आहे. गाडीची वेळ झाली." सासूबाईंनीही हात जोडले, आणि दोघं म्हातारी माणसं क्षणभर तशीच उभी राहिली. मग ते रिक्षात बसले, वळकटी मांडीवर घेतली. डॉक्टर पुढं होऊन काहीतरी बोलायला गेले, पण रिक्षा निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांची टोपी हातातच होती.

लोक पांगले. सासूबाई रस्त्यावरच उभ्या. मी मागं उभी होते.

"ओटी मी पाठवली, आकडा तू म्हटलास," त्या म्हणाल्या, "आणि चार वर्षं बोलणी त्या माणसानं खाल्ली."

"अण्णांनीच सांगू नका म्हटलं होतं."

"ते म्हणणारच." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. "तू ऐकलंस कशाला?"